म्हातारीच्या माळावरचे परदेशी चित्रपट आणि मास्तरांची मराठी

आमच्या कामगार वाचनालयाच्या हस्तलिखितात दर खेपेला कुणीतरी सहलीवर लिहिते. या खेपेला पाळी माझ्यावर आली. मला लिहिण्याची सवय नाही. मी कंपनीत तपासणीचे काम करतो. औषध भरलेल्या बाटल्या उजेडासमोर धरून आत कण आहे का ते बघायचे. दिवसभर कुणाशी बोललो नाही तरी माझे काही अडत नाही. पण चाकणच्या पलीकडे डोंगरावर, म्हातारीच्या माळावर, परदेशी चित्रपट दाखवतात ते खरे का, तिथे जायचे कसे, जेवणाची सोय काय, असे चाळीतले बरेच जण विचारत होते. मी जाऊन आलो आहे, तेव्हा सांगणे भाग आहे. माहिती सगळी देतो. मात्र मी मौजेसाठी गेलो नव्हतो आणि परत आलो तो रागात. तो राग वगळून लिहून पाहिले. जमले नाही.

माझी पत्नी कुसुम गेल्या वर्षी बाळंतपणासाठी माहेरी गेली आणि तिथेच वारली. तिचे माहेर उंबरवाडी, म्हातारीच्या माळाच्या पायथ्याशी. मूल जन्मतःच गेले असे पत्र आले होते. कुसुमला थोडा ताप आहे, उतरेल, असेही त्यात होते. नंतर तार आली. कुसुम सीरियस, ताबडतोब निघा. आमच्या कंपनीत ज्या तापावरचे औषध तयार होते तोच हा ताप असणार, एवढे मला कळत होते. मी कंपनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आणि स्टोअरला गेलो. सही करणारे साहेब जेवायला गेले होते. ते येईपर्यंत बाकावर बसलो. मग इंजेक्शने घेऊन निघालो. उंबरवाडीला पोचलो तेव्हा अंगणात माणसे होती आणि तिरडी बांधून तयार होती.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. मी त्या बाकावर बसलो होतो तेव्हा कुसुम जिवंत होती का? होती, तर तो वेळ मी घालवला. नव्हती, तर तसे मला कळायला हवे होते. उंबरवाडीत ज्याला विचारले त्याने निराळे सांगितले. कुणी म्हणाले, "तुमी यायच्या जरा आधी." कुणी म्हणाले, "दुपारपतोर व्हती की." बाकीचे म्हणाले, "आता ते कशाला, पाव्हणं." सासूबाईंना मात्र मी विचारले नाही. ज्या बाईची मुलगी गेली तिला वेळ काय विचारायची.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्यांना दुसरे कुणी नाही. त्यानंतर महिन्याभरात मी आजारी पडलो ते त्यांना कळले, तेव्हा एक गाठोडे घेऊन त्या पिंपरीला आल्या आणि राहिल्या. सासू जावयाच्या घरी राहते म्हणून चाळीत बोलणे झाले, ते बोलणाऱ्यांना माहीत आहे. आम्ही दोघे एका खोलीत राहतो आणि मिठाखेरीज फारसे काही एकमेकांना मागत नाही.

वर्षश्राद्ध उंबरवाडीला करायचे होते. मामी म्हणाल्या, "दुसऱ्या दिशी माळावर पिक्चर हाईत. कुसुम जायाची लग्नाआदी. आपून बी जाऊ." मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग मी एकली जाते." म्हणून गेलो.

आता रस्ता. पिंपरीहून चाकणची गाडी थेट मिळत नाही. नाशिक फाट्यावर जाऊन पुण्याहून खेडकडे जाणारी एस.टी. पकडावी. सकाळची पहिली गाडी भरलेली येते, पण थांबते. तिकीट दहा-बारा आण्यांच्या आसपास. शनिवार टाळता आला तर टाळावा, कारण शनिवारी चाकणचा बाजार असतो आणि अर्धी गाडी टोपल्यांनी भरते. आम्ही शनिवारीच निघालो.

भोसरीला एक बाई टोपली घेऊन चढली. कंडक्टर म्हणाला, "टोपली टपावर टाका."

"अंडी हाईत त्यात."

"मग कोंबडीचं तिकीट काढा."

"कोंबडी कुटं हाय? अंडी हाईत म्हनलं ना."

"उद्याच्या कोंबड्याच की त्या. चला, मांडीवर घ्या, अन् बसल्या जागी उबवू नका."

गाडी हसली. मामीही हसल्या. मी खिडकीबाहेर बघत होतो. याच रस्त्याने मागच्या वर्षी इंजेक्शनांची पेटी छातीशी धरून गेलो होतो. मोशीला ड्रायव्हर चहाला उतरला तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो. मी आयुष्यात कुणाशी भांडत नाही. त्या दिवशी त्याचा हात धरून त्याला गाडीत बसवायला निघालो होतो. लोकांनी मला धरले. कुणीतरी म्हणाले, "जाऊ द्या राव, घरात दुखणं असंल त्यांच्या."

इंद्रायणीचा पूल ओलांडला की वारा बदलतो आणि चाकणच्या अलीकडेच कांद्याचा वास सुरू होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कांद्याचे ढीग, त्यावर झाकलेली पोती. स्टँडसमोर चहा बरा मिळतो. भजी खाऊ नयेत, तेल जुने असते. तिथे बाकावर बाजारातला एक हमाल बसला होता. मामींना ओळखत होता. विचारले, "कुनीकडं, मावशे?"

"घरी. उद्या माळावर जाऊ, पिक्चरला."

"जावा जावा. ग्वाड असत्यात." मग माझ्याकडे वळला. "पाव्हणं, मास्तरांच्या पिक्चरमधी कुनी मरत न्हाई, बघा. किती बी गोळ्या घाला."

मला वाटले, विनोद करतो आहे.

चाकणहून उंबरवाडीपर्यंत वाहन नाही. बाजार लवकर आटपून परतणाऱ्या बैलगाड्या दहा-अकरापासून मिळतात. चार आणे दिले तर घेतात, ओळख असली तर तेही घेत नाहीत. चालत गेल्यास टोपी किंवा पंचा हवा, वाटेत झाड नाही. ओढ्याला हिवाळ्यात पाणी गुडघ्याखालीच असते. आम्ही गाडीने गेलो आणि धुळीने पांढरे होऊन उतरलो.

श्राद्धाबद्दल लिहीत नाही. झाले. जेवायला भावकी होती. वर्षभरात लोकांची वाक्ये बदललेली नव्हती. देवाला आवडली. तेवढंच आयुष्य होतं. सोन्यासारखी होती. मी हात धुताना एकाला पुन्हा विचारले, ती नक्की केव्हा गेली. तो म्हणाला, "मास्तरांना ठाव. तार त्यांनीच केली." त्या रात्री मला कळले की उंबरवाडीची प्रत्येक तार शाळेचे मास्तर लिहितात आणि सायकलने चाकणला जाऊन करून येतात. उद्या चित्रपट समजावून सांगणारे मास्तरही तेच.

रविवारी सकाळी माळावर चढलो. पायवाट रुंद आहे, वयस्कर माणसाला दोन ठिकाणी बसावे लागते. वर पाणी आहे, पण टाक्याचे, ते गाळून घ्यावे. माळ म्हणजे सपाट डोंगरमाथा. एका बाजूला भीमेकडचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली चाकण आणि फार लांबवर धुरकट दिसते ते आपले पिंपरी. काही वर्षांपूर्वी मुंबईचे एक चित्रकार छातीच्या दुखण्यामुळे हवेसाठी इथे येऊन राहिले. त्यांनी पायथ्याच्या तीन वाड्यांकडून श्रमदान करून घेऊन ही इमारत उभी केली. दगडी भिंती, वर पत्रे. पाटीवर 'कलाघर' एवढेच लिहिले आहे. एरवी तिथे चित्रांचा वर्ग चालतो, लेझीम आणि भजनाची तालीम होते, एका कोपऱ्यात मातीकाम आहे. हिवाळ्यात वर्षातून एकदा परदेशी चित्रपट येतात.

हे चित्रपट आपण पिंपरीत किंवा पुण्यात बघतो तसे नसतात. नाच-गाणी नाहीत, राजवाडे नाहीत. मोठ्या कंपन्यांनी काढलेले नाहीत. कुणी चार-दोन माणसांनी उसनवारी करून, आपल्याच गावातली माणसे उभी करून काढलेले. पुण्यातली काही मंडळी ते निरनिराळ्या वकिलातींकडून मागवतात आणि रिळांचे डबे डोक्यावर घेऊन वर आणतात. चित्रकार आता थकले आहेत. दाराशी खुर्चीवर बसून असतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "कळलं नाही तर नुसतं बघा. बघायला भाषा लागत नाही." हे त्यांचे म्हणणे मला पटले. ते त्यांनी मास्तरांना सांगायला हवे होते.

खेळ दुपारी असतो, म्हणजे लोकांना दिवसाउजेडी उतरता येते. अंधार करण्यासाठी खिडक्यांवर घोंगड्या टांगतात. आत मेंढरांचा वास येतो, त्याची सवय होते. यंत्राला वीज पुरवणारे इंजिन बाहेर लिंबाखाली ठेवलेले असते आणि सारखे धडधडते. त्यामुळे चित्रपटातला आवाज निम्माच ऐकू येतो, पण तो परक्या भाषेतला असतो आणि कुणाची तक्रार नसते. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरे येतात. ती वाचणारे तिथे फार थोडे. म्हणून मास्तर हातात वेताची छडी घेऊन पडद्याशेजारी उभे राहतात आणि मराठीत सांगत जातात. लोक जितके पडद्याकडे बघतात तितकेच मास्तरांकडे. तिकीट नाही, दाराशी पेटी आहे. बायका डाव्या हाताला, पुरुष उजव्या. मामी अगदी पुढे बसल्या. मी पुरुषांच्या पहिल्या रांगेत, मधली वाट सोडून त्यांच्या शेजारी.

पहिला चित्रपट बर्फाच्या कुठल्याशा देशातला. दोन भाऊ वाकसाने लाकूड तासून होडी बांधतात. कुणी काही बोलत नाही. मागून एक सुतार म्हणाला, "वाकस आपल्यासारखाच धरतोय की." दुसरा म्हणाला, "लाकूड बघ की त्याचं. आपल्या बाभळीवर धरून दाखव म्हणावं." मास्तरांना सांगायला काही नव्हते, तरी ते सांगत होते. "हा थोरला. हा धाकटा. दोघांत फार प्रेम आहे." पडद्यावर दोघे एकमेकांकडे बघतही नव्हते. चित्रपट चांगला होता. मी बऱ्याच दिवसांनी एखाद्या गोष्टीकडे लक्ष देऊन बघत होतो.

दुसरा मोठा. समुद्राकाठी मिठागर आहे. तिथला एक मजूर. त्याची बायको डोंगरापलीकडच्या शहरात दवाखान्यात आहे. तिला आणायला तो गाढव घेऊन निघतो. तिला बसायला गाढवावर गोधडी घालतो, वाटेत खायला पाव घेतो. डोंगर चढतो, एका धर्मशाळेत झोपतो, तिच्यासाठी रस्त्यात एक कंगवा विकत घेतो. मास्तर हे सगळे चांगले सांगत होते. त्यांचा आवाज गोड आहे. बायका गाढवाला नावे ठेवत होत्या. मामी सगळे विसरून बघत होत्या.

तो दवाखान्याच्या फाटकाशी येतो. फाटकावर एक बाई असते. तो नाव सांगतो. ती आत जाऊन येते. मग बोलते. खाली इंग्रजीत अक्षरे आली: ती मंगळवारी वारली. पुरूनही झाले.

मास्तर थांबले. पडद्याकडे पाहिले, मग खाली पहिल्या रांगेकडे पाहिले. मामींकडे आणि माझ्याकडे. मग म्हणाले, "बाई सांगते, तुझी बायको ठणठणीत बरी झाली. तिचा भाऊ आला होता, तो तिला माहेरी घेऊन गेला. तू घरी जा."

 कुणीतरी "बरं झालं" म्हणाले.

पडद्यावर तो माणूस पायरीवर बसला. बराच वेळ त्याची पाठच दिसत होती, आणि पाठ हलत होती. मग त्याने तोंड वळवले. तो रडत होता.

मागून एकाने विचारले, "मास्तर, मग रडतोय का त्यो?"

"आनंद झालाय त्याला."

"बायकू म्हायेरी गेली म्हनून? आरं, मला बी हुतो. पर रडू न्हाई येत."

पत्र्याखालची सगळी माणसे हसली. पडद्यावर त्याने तिच्यासाठी आणलेला पाव काढला आणि खायला लागला. रडत होता आणि खात होता. "भूक लागली बगा," कुणी बाई म्हणाली, आणि पुन्हा हशा. त्याने कंगवा काढून हातात धरला. "आता इंचरतोय," दुसरी म्हणाली. मी वळून पाहिले. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांची मुलगी गेलेली, काल तिचे वर्षश्राद्ध झालेले, आणि त्या एका माणसाचा शोक बघून हसत होत्या. त्यांचा दोष नव्हता. त्यांना जे सांगितले होते त्याप्रमाणे हसण्यासारखेच होते.

मी उभा राहिलो. मी सभेत कधी उभा राहत नाही. कंपनीत युनियनच्या बैठकीतही मी भिंतीला टेकून असतो. माझी सावली पडद्यावर पडली तेव्हा लोक "बसा, बसा" म्हणाले.

मी म्हणालो, "मास्तर, त्याची बायको वारली आहे. खाली तसे लिहिले आहे."

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "पाहुणे, बसा. मला वाचता येतं."

"मग वाचा."

"समोर कोण बसलंय ते बघा जरा."

"समोर बसलेल्या बाईला माहीत आहे माणूस मरतो ते. मंगळवारी वारली, पुरूनही झाले. एवढेच लिहिले आहे. म्हणून तो रडतो."

इंजिन धडधडत होते. इतक्यात रीळ संपले आणि पडदा पांढरा झाला. नवे रीळ चढवायला वेळ लागतो. त्या उजेडात सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला बसायचे सुचत नव्हते. ज्याने माहेरचा विनोद केला होता तो मागे खाली मान घालून बसला होता. 

मग मामी बोलल्या. वळल्या नाहीत, पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "मास्तर, तुमी बसा वाईच. आमचं पाव्हणं सांगत्याल."

मला ते नको होते. मला फक्त एक वाक्य दुरुस्त करायचे होते. पण नवे रीळ सुरू झाले आणि मास्तर छडी घेऊन बाजूला झाले. मला मास्तरांसारखे सांगता येत नाही. मी खाली येईल तेवढेच सांगत गेलो. तो विचारतो, कुठे पुरले. ती सांगते, मला माहीत नाही, रविवारी आतल्या बाईंना विचारा. तो म्हणतो, रविवारी मिठागर सोडता येत नाही. ती सांगते, तिचे कपडे न्यायचे असतील तर आत या. तो म्हणतो, पत्र का नाही पाठवले. ती सांगते, तुम्हाला वाचता येत नाही असे तिने सांगितले होते.  पुढचे एक-दोन संवाद राहून गेले. 

शेवटी तो गाढवावरची गोधडी काढून आपल्या खांद्यावर घेतो आणि गाढवाबरोबर चालत परत डोंगर चढतो. तिथे काही लिहिलेले नव्हते. मीही काही सांगितले नाही. घोंगड्या काढल्या तेव्हा बऱ्याच जणी डोळे पुसत होत्या. बाहेर पडताना तो विनोद करणारा माणूस माझ्याजवळ आला. म्हणाला, "मला काय ठाव, भाऊ. म्या उगा हसलो त्याला." त्याला खरेच वाईट वाटले होते. पडद्यावरच्या माणसाची माफी तो माझ्याकडे मागत होता.

खेळानंतर बायकांचे मंडळ पिठले-भाकरी देते. चार आण्यात पोटभर. ठेचा जपून घ्यावा. मी ताट घेतले नाही. मास्तर टाक्यापाशी हात धूत होते, तिथे गेलो.

ते आधी बोलले. "पाहुणे, तुम्ही शिकलेले. तुम्हाला राग आला, मान्य. पण या लोकांनी वर्षातनं एकदा डोंगर चढून यायचं ते रडायला?"

"ते रडले. त्यांचे काही बिघडले नाही."

"मी इथं बारा गावची पत्रं वाचतो. वाईट तेवढं मी आधी वाचतो, मग सावकाश सांगतो. आजवर कुणी तक्रार केली नाही."

"कारण कुणाला वाचता येत नाही. कुसुम गेल्यावर तार केलीत की आधी?"

त्यांनी पंच्याने हात पुसले. खूप वेळ पुसले. "तारेत कुणी 'वारली' लिहितं का हो? माणूस एकटा एस.टी.त बसणार. वाटेत त्याचं काही बरंवाईट झालं तर? सगळीकडं असंच लिहितात. तुमच्या घरची तार आली तरी असंच लिहितील. सीरियस लिहायचं, माणूस समजतो."

"मी समजलो नाही. मी औषध आणायला गेलो."

त्यांनी पंचा खांद्यावर टाकला.

"मी विचारले ते सांगा. आधी की नंतर?"

त्यांनी माझ्या खांद्यापलीकडे पाहिले. मामी तिथे भाकरी खात बसल्या होत्या. "आता त्या गोष्टी उकरून कुणाला काय मिळणार," ते म्हणाले आणि पेटीकडे गेले.

मास्तर वाईट माणूस नाहीत. चाकणची तार ते स्वतःच्या सायकलने करून येतात, कुणाकडून काही घेत नाहीत. माझ्यासाठीही थंडीत गेले होते. हे सगळे मला मान्य आहे आणि त्यामुळे माझा राग काडीभरही कमी होत नाही. एखाद्या लबाड माणसाने असे केले असते तर मी त्याला चार शब्द बोलून मोकळा झालो असतो. हे चांगले लोक असतात. तुमच्या भल्यासाठी तुमच्या हातातली गोष्ट काढून घेतात आणि वर तुम्ही आभार मानावेत अशी अपेक्षा करतात. मला रडत एस.टी.त बसायचे होते. तो माझा हक्क होता. त्याऐवजी मी ड्रायव्हरचा हात धरून भांडलो आणि लोकांनी मला समजूतदारपणा शिकवला.

उतरताना मामी पुढे होत्या. दुसऱ्या बसायच्या जागी त्या बसल्या. मी उभाच होतो. त्यांनी विचारले, "मास्तरांना काय इचारत व्हता?"

मी सांगितले. वर्षभर जे सांगितले नव्हते ते सगळे सांगितले. सही, बाक, साहेबांचे जेवण.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "कुसुम पहाटंच गेली. कोंबडं आरवायच्या आदी. उजाडल्यावर मास्तर सायकल घिऊन गेलं. मला वाटलं, त्येंनी तुमाला सांगितलं आसंल मागनं."

"मला कुणी सांगितले नाही."

"तुमी मला न्हाई इचारलं."

"तुम्हाला कसे विचारणार, मामी."

"का? माझी लेक व्हती. मला न्हाई इचारायचं तर कुनाला?" आता त्याही चिडल्या होत्या. "वरीस झालं एका घरात ऱ्हातोय. रोज भाकरी वाढते. तुमी ताटाकडं बगून जेवता अन् उटून जाता. मला वाटायचं, ह्यो मानूस माझ्यावर राग धरून हाय. लेकीला न्हाई सांबाळलं म्हनून. म्या तरी कशी बोलू?"

पायवाटेवरून माणसे उतरत होती. आम्हाला बघून ती बाजूने जात होती. माझ्या मनातून काहीतरी जड उतरले असे लिहायला हवे, पण तसे झाले नाही. मला पहिल्यांदा राग आला तो त्यांचाच. मग स्वतःचा नाही, कारण मी काही चुकलो नव्हतो, आणि हे मला आता नक्की ठाऊक होते. मग पुन्हा मास्तरांचा. त्यांच्या एका शब्दामुळे या बाई आणि मी वर्षभर एका खोलीत एकमेकांना घाबरून राहिलो.

उंबरवाडीहून परतताना सोमवारची सकाळची बैलगाडी मिळते, दूधवाल्याची. ती चाकणला वेळेवर पोचवते. खेडहून पुण्याकडे जाणारी एस.टी. त्या वेळी रिकामी असते आणि खिडकीची जागा मिळते. मोशीला ड्रायव्हर चहाला उतरला, मीही उतरलो आणि त्याच्याच बाकावर बसून चहा घेतला. तो मागच्या वर्षीचा नव्हता. असता तर त्याला काय सांगितले असते, मला माहीत नाही.

तर ज्यांना जायचे आहे त्यांनी जरूर जावे. असे चित्रपट इकडे दुसरीकडे बघायला मिळत नाहीत, आणि ती इमारत आणि ते चित्रकार बघण्यासारखे आहेत. थंडी असते, जाड पांघरूण न्यावे. इंग्रजी वाचता येणाऱ्याने पुढे बसावे. आणि मास्तर सांगतील त्याहून निराळे खाली लिहिलेले दिसले तर उठून सांगावे. लोक बसा म्हणतील. बसू नये. कलाघरातून मला निरोप आला आहे की पुढच्या हिवाळ्यात समजावून सांगायला मी यावे, मास्तर आणि मी आळीपाळीने. मी अजून होकार दिलेला नाही. ज्या रिळात माणूस मरतो ते मास्तरांकडे द्यायचे नाही, असे कलाघराने कबूल केले तर जाईन.

घरी आल्यापासून एक फरक पडला आहे. जेवताना मी विचारतो आणि मामी सांगतात. रोज एखादेच. ताप केव्हा चढला. वैदूला कुणी आणले. मूल कुणासारखे होते. मी विचारले की त्या घास ठेवतात, आठवतात आणि सांगतात, आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हणतात. काल मी विचारले ते बरेच दिवस विचारायचे राहिले होते. त्या दिवशी अंगणात आणि त्यानंतर वर्षभर ज्याने त्याने मला हेच सांगितले होते की शेवटपर्यंत कुसुम तुमचेच नाव घेत होती. कुणीही यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि हे सांगायचा.

मी विचारले, "मामी, तिने माझे नाव घेतले होते का?"

त्यांनी विचार केला. म्हणाल्या, "न्हाई. तिला सुद न्हवती. दोनदा पानी मागितलं, म्या पाजलं. मंग काय बोलली न्हाई."

मी आणखी एक भाकरी मागून घेतली.